मेल गेला होता. कुणाला?

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने नवे दर जाहीर केले आणि ते लागू झाले २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला. मध्ये मिळाले एकोणीस दिवस. त्यातच इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झाक्या निघाल्या, अख्खा पितृपक्ष गेला, आणि तेवढ्यातच सियागंजातल्या किराणा पेढ्यांपासून सांवेर रोडच्या कारखान्यांपर्यंत प्रत्येकाला आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधले दर बदलून घ्यायचे होते. पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलेल्या गिऱ्हाइकाला कंपनी किती नीट कळवते, याची एवढी चांगली परीक्षा क्वचितच होते.

बहुतेक कंपन्यांनी कळवलं, हे मान्य. पण काय कळवलं? "नव्या जीएसटी दरांसाठी अपडेट उपलब्ध आहे, त्वरित घ्या." हे वाचून दुकानदाराला वाटतं, अपडेट घेतलं की दर बदलले. तसं होत नाही. दर सहसा एकाहून जास्त ठिकाणी नोंदलेला असतो: वस्तूवर, वस्तूंच्या गटावर, कधी एचएसएन कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या सरकारी क्रमांकावर. बिल करताना वस्तूच्या सगळ्यात जवळची नोंद चालते. मुनीमजींनी गटावर १२ चे ५ केले, पण कधीकाळी घाईत पन्नास वस्तूंवर स्वतंत्र दर टाकून ठेवले असतील, तर त्या पन्नास वस्तू १२ टक्क्यांनीच बिल होत राहतात. पडद्यावर चूक दिसत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चूक नाहीच. ती सापडते महिन्याच्या शेवटी, विवरणपत्र भरताना, आणि तोवर मालाबरोबर बिलंही गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असतात.

काही सॉफ्टवेअरमध्ये तर 'सगळ्या १२ चे ५ करा' अशी एका फटक्यात बदलायची सोय दिली गेली. पॅकबंद नमकीन १२ वरून ५ वर आलं, बरीचशी औषधंही आली, तिथे ती सोय चालून गेली. तयार कपड्यांना मात्र ती घातक. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ होते. नव्या रचनेत २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. म्हणजे कालच्या १२ टक्क्यांतले काही कपडे खाली आले आणि काही वर गेले. शिवाय ही मर्यादा छापील किमतीवर नाही, प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर मोजायची. २७०० चा शर्ट सवलतीत २४०० ला दिला तर ५ टक्के, तोच पूर्ण किमतीला दिला तर १८. तेव्हा हा दर वस्तूच्या खात्यावर कायमचा लिहून ठेवता येतच नाही, बिल बनताना काढावा लागतो. राजवाड्याभोवतीच्या कापड दुकानदाराला पाठवलेल्या सूचनेत ही एक ओळ असायला हवी होती. तिच्या जागी बहुतेक ठिकाणी शुभेच्छा होत्या.

जुन्या व्यवहारांचं काय, हाही प्रश्न होताच. त्याचं उत्तर कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे आणि लक्षात ठेवायला सोपं आहे: मालाचा पुरवठा, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी तारखेच्या ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर. आणि २२ तारखेआधीच्या बिलावरचा माल परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने. म्हणून जुना दर पुसायचा नसतो. 'अमुक तारखेपासून' असं लिहून त्याच्याखाली नवा जोडायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख टाकायची जागा आहे की नाही, आणि असली तर कुठे, एवढं सांगायला दोन ओळी पुरतात.

आता पत्त्याकडे येऊ, कारण माझ्या मते अर्धी गोम तिथेच आहे. इंदुरात व्यापारी कंपनीकडून थेट सॉफ्टवेअर फारसं घेत नाही. सिल्व्हर मॉलमधला किंवा ओळखीतला डीलर येतो, स्वतःच्या लॅपटॉपवर नोंदणी करतो आणि ईमेलच्या रकान्यात घाईत स्वतःचाच पत्ता टाकतो. किंवा त्या वेळच्या अकाउंटंटचा, जो दोन वर्षांनी नोकरी सोडून पुण्याला निघून गेलेला असतो. पुढची पाच वर्षं कंपनी इमानेइतबारे प्रत्येक सूचना त्या पत्त्यावर पाठवते. कंपनीच्या नोंदीत 'मेल पोचला', दुकानदाराच्या मते 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही', आणि दोघंही खरं बोलत असतात.

यावर करायचं ते फार नाही, पण प्रत्येक सेवेत वेगळ्या ठिकाणी करावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये बदलांच्या सूचना ॲडमिन सेंटरमधल्या 'मेसेज सेंटर'मध्ये येतात. ज्या बदलासाठी ग्राहकाला काही करावं लागणार आहे, तो साधारण तीस दिवस आधी तिथे लागतो. पण तो दिसतो फक्त ॲडमिनला. तिथल्या पसंतींमध्ये ईमेलसाठी आणखी दोन पत्ते घालता येतात, ते घालावेत. गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलच्या खाते-प्रोफाइलमध्ये मुख्य आणि दुय्यम असे दोन पत्ते असतात. दुय्यम पत्ता त्याच डोमेनवरचा, म्हणजे @ पुढे तेच नाव असलेला, ठेवू नये. डोमेनच बंद पडलं, तर बंद पडल्याची खबरही त्याच विहिरीत जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिल, कामकाज आणि सुरक्षा यांसाठी तीन वेगळे संपर्क देता येतात आणि बहुतेकांचे ते रिकामे असतात. डॉट-कॉम डोमेन असेल, तर मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत कळवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, पण तेही नोंदलेल्याच पत्त्यावर. पत्ता नेहमी कामाच्या नावाचा असावा, माणसाच्या नावाचा नको. आणि तो किमान दोघांनी उघडायचा.

पत्ता बरोबर असूनही मेल पोचत नाही, हेही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. तो फसल्याचे मेल यंत्र पाठवत होतं, पण त्यांवर डीमार्कला, म्हणजे मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे का हे तपासणाऱ्या व्यवस्थेला, हवी ती सही नसल्याने ते परस्पर नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. पुढे मात्र त्यांनी जे केलं, ते आजही नमुन्यासारखं आहे: चालू दुरुस्तीची टिपणं सगळ्यांना वाचता येतील अशी उघडी ठेवली आणि कामाचं थेट प्रक्षेपणही केलं. ग्राहकाचा डेटा गेला होता, तरी कंपनी आत्ता नक्की काय करते आहे हे त्याला दर तासाला दिसत होतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण, कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर ऑनलाइन पुरवणाऱ्या ॲटलासियनचं. ५ एप्रिल २०२२ ला एक जुनं ॲप काढून टाकायला स्क्रिप्ट चालवली. तिला ॲपचे क्रमांक द्यायचे होते, दिले गेले ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे. तेवीस मिनिटांत ८८३ साइट पुसल्या गेल्या, ७७५ ग्राहकांच्या. शेवटच्या ग्राहकाचं काम पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. पण इथे आपल्या विषयाचा भाग निराळाच आहे. साइटबरोबर त्या ग्राहकांच्या संपर्काची माहितीही गेली होती, तेव्हा कळवायचं कुणाला हेच कंपनीला ठाऊक नव्हतं. ग्राहक तक्रार नोंदवायला गेला, तर फॉर्म त्याच्या साइटचा चालू पत्ता मागे, आणि तो तर अस्तित्वातच नव्हता. आपण आधीच आणि उघडपणे बोलायला हवं होतं, असं कंपनीने नंतरच्या सविस्तर अहवालात कबूल केलं.

सूचना देणारं यंत्र आणि बिघडणारं यंत्र एकच असलं की असंच होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री साठवण सेवा कोसळली, तेव्हा त्यांच्या स्थितिफलकावरचे, म्हणजे सेवा चालू आहे की बंद हे दाखवणाऱ्या वेबपानावरचे, दिवे जवळजवळ दोन तास हिरवेच राहिले, कारण तो फलक बदलण्याची व्यवस्थाही एस-थ्रीवरच उभी होती. शेवटी ट्विटरवरून सांगावं लागलं. त्या दिवसापासून हिरव्या दिव्यावर माझा तरी भरवसा नाही. दुकान छोटं असलं तरी नियम तोच: बिलिंगचा सर्व्हर बंद पडला तर गिऱ्हाइकांना कळवायची फोन नंबरांची यादी त्याच सर्व्हरवर असून उपयोग नाही. कागदावर असावी.

स्थितिफलक वाचायचा कसा, हे थोडक्यात. बहुतेक कंपन्या चार शब्द वापरतात. 'इन्व्हेस्टिगेटिंग' म्हणजे काहीतरी बिघडलंय, कारण माहीत नाही. या वेळी आपल्या राउटरच्या मागे लागू नका. 'आयडेंटिफाइड' म्हणजे कारण सापडलं, दुरुस्ती बाकी. 'मॉनिटरिंग' म्हणजे दुरुस्ती झाली असं त्यांना वाटतंय. तुमच्याकडे अजूनही बंद असेल तर आत्ताच तक्रार नोंदवा, कारण 'रिझॉल्व्हड' लिहिल्यावर तीच तक्रार वेगळी समजली जाते आणि रांगेत मागे जाते. फलकावर ईमेलने किंवा आरएसएस फीडने (नव्या नोंदी आपोआप आणून देणारी सोय) नाव नोंदवायची सोय बहुधा असते. ज्या दोन-तीन घटकांवर दुकान चालतं तेवढेच निवडा, नाहीतर महिन्याभरात सगळे मेल न वाचता पुसायची सवय लागते.

वेळेचा घोळ वेगळाच. वेळा बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. सदोष फाइल ०४:०९ ची, दुरुस्त फाइल ०५:२७ ची, अशी खूण त्यांनी दिली होती आणि खूण म्हणून ती उत्तम होती, कारण कुणालाही फाइलची वेळ पाहून आपण कुठल्या बाजूला आहोत ते ठरवता येत होतं. भारतीय वेळेत त्या ९:३९ आणि १०:५७. तसंच मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती: दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला निघते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून बुधवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक समोर उभं असताना काउंटरवरचा संगणक 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' म्हणत बसतो. हा दिवस वर्षभर आधी माहीत असतो. त्या रात्री संगणक चालू ठेवून जावं आणि विंडोजच्या 'सक्रिय तास' या सेटिंगमध्ये दुकानाच्या वेळा भरून ठेवाव्यात.

सेवा बंद पडल्याची भरपाई करारात असते, पण ती आपण होऊन कुणी देत नाही. ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवण्याचं वचन म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त झालं तर गूगल वर्कस्पेस तीन, सात किंवा पंधरा दिवसांची सेवा देतं, मात्र तीस दिवसांत मागावी लागते. मागायला बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ लागते, म्हणून फलकाचा मेल जपून ठेवा.

पैशांच्या बाबतीत कंपन्यांची जीभ जड होते. नवं बटण आलं की तीन मेल, किंमत वाढली की 'आमच्या अटी अद्ययावत झाल्या आहेत' एवढंच. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरने १२ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केलं की १ जानेवारीपासून गेम इन्स्टॉल होण्यावर शुल्क लागेल, तेही आधीच बाजारात असलेल्या गेमसकट. दहा दिवसांत अटी सैल कराव्या लागल्या आणि वर्षभराने ते शुल्कच रद्द झालं. लोकांचा राग रकमेवर होताच, पण जुन्या कराराला नवी अट मागून लावण्यावर जास्त होता.

आपल्याकडे निदान वर्गणीच्या बाबतीत बँकेचा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. सॉफ्टवेअरच्या वर्गणीसाठी १५,००० रुपयांवरची रक्कम दर वेळी ओटीपीशिवाय कापता येत नाही. यात अडचण दोन ठिकाणी येते. तो संदेश जातो कार्ड ज्यांचं आहे त्या सेठजींच्या मोबाइलवर, आणि परदेशी कंपनीचं विचित्र नाव वाचून सेठजी 'ही कुठली फसवणूक' म्हणत व्यवहार थांबवतात. दुसरं, वार्षिक वर्गणी १५,००० च्या वर असेल तर ओटीपी न टाकल्याने ती कापलीच जात नाही, 'पेमेंट अयशस्वी' असा मेल पुन्हा त्याच डीलरच्या पत्त्यावर जातो, आणि मुदतीनंतर सेवा कुलूपबंद होते. नूतनीकरणाची तारीख, कंपनीचं बिलावर येणारं नाव आणि रक्कम एका कागदावर लिहून तो सेठजींच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. इतका गावठी उपाय याला लागू पडतो, हे सॉफ्टवेअर उद्योगाला शोभत नाही, पण लागू पडतो.

चोरीच्या बाबतीत पहिली सूचना शेवटची समजू नये. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेने ऑगस्ट २०२२ मध्ये घुसखोरी झाल्याचं सांगितलं, पण ग्राहकांच्या डेटाला हात लागल्याचा पुरावा नाही म्हणाले. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती गेल्याचं २२ डिसेंबरला कळलं. ऑगस्टचा मेल वाचून जे निश्चिंत झाले, त्यांना पासवर्ड बदलायचे चार महिने फुकट गेले. अशा मेलमध्ये 'सध्या पुरावा नाही' असं लिहिलेलं दिसलं, की 'तपास चालू आहे' असं वाचावं आणि महत्त्वाचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत. आपल्या सर्ट-इनचा, म्हणजे संगणक सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा, एप्रिल २०२२ चा सहा तासांत कळवण्याचा नियम आहे खरा, पण तो सरकारला कळवण्याचा, ग्राहकाला नव्हे.

विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ही तारीख लपलेली नव्हती. पडदाभर सूचना येत होत्या. पण त्या येत होत्या काउंटरवरच्या पोराला, ज्याला नवा संगणक घ्यायचा अधिकार नाही आणि समोर रांग उभी आहे. तो 'नंतर आठवण करा' दाबणार, दुसरं काय करेल? ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला वेगळी, लेखी सूचना जात नाही, तोवर पडद्यावर कितीही मोठी अक्षरं काढा. ज्यांची यंत्रं अजून विंडोज १० वर आहेत, त्यांना वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची नोंदणी केल्यास घरगुती योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे.

आता डीलर मंडळींसाठी आणि इंदुरात स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांसाठी. सूचना अशी लिहा की मोबाइल न सरकवता पूर्ण दिसेल:

"२२ सप्टेंबरचं पहिलं बिल करण्याआधी करा. तयार कपडे विकत असाल तरच लागू. आधी बॅकअप घ्या. मग मदत या यादीत आवृत्ती ४.२ दिसते का बघा; नसेल तर अपडेट घ्या, दहा मिनिटं लागतात. दर अपडेटने बदलत नाहीत, वस्तूंच्या यादीत तारीख टाकून २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८ असे दोन्ही टप्पे जोडा. तपासायला २४०० आणि २६०० चं एकेक कच्चं बिल करा: पहिल्यात ५, दुसऱ्यात १८ यायला हवेत. तसं आलं नाही तर बिलाचा फोटो पाठवा, त्या दिवशी रात्री दहापर्यंत फोन घेऊ."

आवृत्तीचा क्रमांक आणि तपासायची दोन बिलं, ही यातली सगळ्यात कामाची ओळ. ती असली की 'झालं का' असं विचारणारे निम्मे फोन येतच नाहीत.

आणि हे व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. बाकीच्यांना जातच नाही आणि तुम्हाला तसं कुणी सांगतही नाही. एकच खूण राहणारी एक-दोन नावं आठवडाभर दिसली, की समजा नंबर साठवलेला नाही. म्हणून सॉफ्टवेअर बसवायला जाल त्याच दिवशी, चहा येईपर्यंत, सेठजींच्या आणि मुनीमजींच्या अशा दोन्ही फोनांत आपला नंबर स्वतः साठवून द्या, आणि तिथूनच एक चाचणी संदेश पाठवून दोन्हीकडे वाजतो का ते ऐका.